डाव्या बाजूचं दार

गाडी बाबांची होती आणि तिचं पुढचं डावं दार आईचं. असं कोणी ठरवून दिलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी कल्याणच्या बाजारात एका टेम्पोने त्या दाराला घासलं, तेव्हापासून ते बिजागरीत किंचित खाली बसलं आणि मग ते लावायची एक रीतच होऊन गेली. आधी पदर गोळा करून मांडीवर घ्यायचा, कारण एकदा तो दारात अडकून ठाण्यापर्यंत रस्ता झाडत गेला होता. मग दार जरा वर उचलून ओढायचं. पहिल्या ओढीत ते अर्धं लागे, दुसऱ्या ओढीत पुरतं. मग बाबा विचारत, "लागलं?" आई म्हणे, "लागलं." त्यानंतरच किल्ली फिरायची. मी आणि माझा धाकटा भाऊ मागे बसून त्यांची नक्कल करायचो आणि बोलणी खायचो.

बाबा गेले, गाडी राहिली. ती मी चालवते. भाऊ तिला हात लावत नाही, त्याची स्वतःची मोठी नवी गाडी आहे. जुनी गाडी विकून टाक असं तो मला दर दिवाळीला सांगायचा. आता सांगत नाही, कारण आता आईला फक्त तीच गाडी ओळखता येते.

आईचा विसर सुरू होऊन बरीच वर्षं झाली. मला ती कधी मुलगी समजते, कधी धाकटी बहीण, कधी कामाला आलेली बाई. पण तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीतून खाली बघून "ह्यांची गाडी उन्हात लावली कोणी?" हे ती अचूक म्हणते. दुसऱ्या कुठल्याही गाडीत ती बसत नाही. भावाने एकदा त्याच्या गाडीत बसवायचा प्रयत्न केला, तर पार्किंगमधल्या खांबाला मिठी मारून तिने वॉचमनला हाक मारली की हा माणूस मला कुठेतरी नेतोय. वॉचमनने भावाला त्याच्याच सोसायटीत दोन प्रश्न विचारले. ही गोष्ट भाऊ हसत हसत सांगतो, पण सांगून झाल्यावर उगाच मोबाइल काढून बघत बसतो.

आई पंधरा दिवस माझ्याकडे कोपरला असते आणि पंधरा दिवस खाडीपलीकडे भावाकडे, बाळकुमला. नातेवाईक त्याला "पाळ्या लावल्या" म्हणतात आणि चुकचुकतात. चुकचुकणाऱ्यांपैकी एकानेही तिला एक दिवस स्वतःकडे नेलेलं नाही, म्हणून मी त्यांना चहा देते आणि उत्तर देत नाही. तर ही ने-आण मी जुन्या गाडीतून करते, खाडीवरच्या नव्या पुलावरून. आई पुढे, डाव्या बाजूला बसते. मागे बसवायचं नाव काढलं की म्हणते, मागे मुलं बसतात.

दार आधीपासून खुळखुळत होतं. खड्डा आला की आतला खटका कडकड वाजे. कुलपाचं बटण खाली दाबलं तरी ते नुसतं खाली जायचं, आत काही लागायचं नाही. मी ते चालवून घेत होते. जुन्या गाडीत माणूस बऱ्याच गोष्टी चालवून घेतो.

मग एका रविवारी आईला भावाकडून घेऊन येत असताना, पुलाच्या बरोबर मध्यावर, तिने दार उघडलं.

आधी वारा आत आला. मी डावीकडे पाहिलं तर दार हातभर उघडं, आईचा एक हात हँडलवर, पट्टा नेहमीप्रमाणे काखेतून काढून टाकलेला आणि ती बाहेरच्या बाजूला झुकलेली. तिच्या पलीकडे पुलाचा कठडा मागे पळत होता. मी डाव्या हाताने तिचा दंड धरला आणि ब्रेक दाबला. मागच्या ट्रकने जो हॉर्न दिला तो अजून माझ्या कानात आहे. आई ओरडत होती, "सोड मला, सोड." मी सोडलं नाही. इतक्या जोरात मी आयुष्यात कधी काही धरलेलं नव्हतं. गाडी कडेला थांबली, ट्रकवाला शिव्या देत पुढे गेला, मी उतरून पलीकडून दार आपटून लावलं. उरलेला रस्ता एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने आईचा दंड धरून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढला. 

दुसऱ्या दिवशी आईच्या दंडावर माझी बोटं उमटली. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, सगळी जांभळी. भावाला व्हिडिओ कॉल केला तेव्हा आईची बाही वर सरकली आणि त्याने ते पाहिलं. तो नुसता "हं" म्हणाला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. "सोड मला." त्या दोन शब्दांनी माझी झोप उडवली. पुलावरून आले त्याच रात्री फोनवर भावाने ऐकल्या ऐकल्या निकाल लावला होता, "ताई, तिला उतरायचं असणार. तुझ्याकडे यायचं नसेल." तो सहज बोलला, त्याच्या मनात काही नव्हतं, आणि म्हणूनच ते मला खरं वाटलं. मी तिला न्हाऊ घालते, भरवते, तिचे कपडे बदलते, आणि तिला चालत्या गाडीतून पडून मेलेलं चालतं पण माझ्या घरी यायला नको. पुढचे पंधरा दिवस मी आईचं सगळं केलं, वेळच्या वेळी केलं आणि तिच्याशी धड एक वाक्य बोलले नाही. ती काही विचारायला आली की मी म्हणायचे, "काय आहे?" इतकंच.

त्यात माझं दुखणं निघालं. पोटात उजव्या बाजूला कळा यायच्या, ओट्याला धरून उभी राहायचे. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन एकदा पुढे ढकललेलं, आता डॉक्टर ऐकायला तयार नव्हते. सोमवारी सकाळी दाखल व्हायचं होतं. म्हणजे आदल्या दिवशी आईला बाळकुमला पोचवणं भाग होतं. वहिनीचे गुडघे गेलेले, माझे तीन जिने तिला चढवत नाहीत, आणि भाऊ एकटा इथे राहिला की आई त्याला घरात शिरलेला परका पुरुष समजते. म्हणजे पुन्हा तीच गाडी, तोच पूल आणि तेच दार.

आमचा मेकॅनिक गणपतीसाठी गावाला निघून गेला होता. निम्मं ठाणं कोकणात निघालेलं, खोपटच्या एसटी डेपोत पाय ठेवायला जागा नाही अशा बातम्या, तिथे मेकॅनिक बरा थांबेल. फोनवर त्याने सांगितलं, "दाराचा खटका बदलायला लागेल मॅडम, आणि तो ज्यात अडकतो ती समोरच्या खांबावरची कडी पण. दोन्ही घासलेत. मी आल्यावर करू ना." तो दहा दिवसांनी येणार होता. दुसरा एक जण म्हणाला, गाडी दोन दिवस ठेवून जा. तिसऱ्याने गाडी बघून "भंगारात किती देतील" यावर माझं प्रबोधन सुरू केलं, तेव्हा मी तिथून निघाले.

शेवटी ठरवलं, आपणच करायचं. बाबा असताना काच वर-खाली करायची वायर तुटली की तेच दार ते आणि मी मिळून खोलायचो. आतलं पॅनेल कसं निघतं ते मला माहीत होतं. भावाचं ऑफिस कल्याणला आहे, म्हणून सुटे भाग आणायचं काम त्याच्याकडे दिलं. शनिवारी संध्याकाळी तो पुडी घेऊन आला. मी ती उघडली, खटका हातात फिरवून पाहिला आणि माझं डोकंच फिरलं.

"हा उजव्या दाराचा आहे."

"नाही ताई, मी नीट सांगितलेलं. लेफ्ट बोललो मी त्याला."

"गाडीच्या कुठे उभं राहून लेफ्ट?"

त्याने मोबाइल काढला. मोबाइलमध्ये त्याने दुकानदाराला दाखवलेला गाडीचा फोटो होता, समोरून काढलेला, आणि त्यात बोट ठेवलं होतं फोटोतल्या डाव्या बाजूवर. म्हणजे ड्रायव्हरच्या दारावर.

"एवढा शिकलास तू," मी म्हटलं.

"तू सांगायचं ना पॅसेंजर साइड म्हणून. मी काय गाड्या खोलत फिरतो काय?"

आम्ही दोघंही पन्नाशीच्या आसपास आहोत, पण त्या वेळी मागच्या सीटवर खिडकीसाठी भांडणाऱ्या मुलांसारखे भांडलो. आई पलंगावर बसून आमच्याकडे टकमक बघत होती. मग तो तसाच उलट्या पावली कल्याणला गेला, दुकान बंद व्हायच्या बेतात असताना पोचला आणि बदलून आणला. परत आला तेव्हा घामाने निथळत होता. मी त्याला पाणी दिलं. दोघांनीही माफी वगैरे मागितली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही.

रविवारी सकाळी इमारतीच्या आवारात काम काढलं. आईला प्लास्टिकच्या खुर्चीवर समोरच बसवलं, म्हणजे नजरेसमोर राहील. तिथून ती आमच्यावर लक्ष ठेवून होती. पॅनेलच्या क्लिपा कटाकट निघायला लागल्या तशी ती पुटपुटू लागली, "ह्यांना विचारलंय का? ह्यांची गाडी खोलताय, विचारलंय का?"

"विचारलंय," मी म्हटलं.

पॅनेल निघालं, त्यामागचं प्लास्टिक सोललं. काच वर सरकवून ठेवली, नाहीतर हात आत जात नाही. खटका दाराच्या कडेला तीन स्क्रूंनी बसवलेला असतो. दोन निघाले, तिसरा गंजलेला. भावाने जोर लावला तर त्याचं डोकं घासायला लागलं. स्क्रूचं डोकं एकदा गोल झालं की तो स्क्रू आयुष्यभर तिथेच राहतो, आणि मग ना जुना खटका निघत ना नवा बसत. मी त्याला मागे ओढलं. गंज सुटायचं तेल मारलं, थांबले, पान्याच्या मागच्या बाजूने स्क्रूड्रायव्हरवर ठोके दिले. भाऊ घड्याळाकडे बघत होता. वहिनीचे दोन फोन येऊन गेले. मी अंगाचा सगळा भार टाकून पिळलं, पोटात उजवीकडे कळ आली, आणि स्क्रू सुटला.

जुना खटका बाहेर काढून पाहिला तेव्हा पुलावर काय झालं असतं ते कळलं. कडीला पकडणारा आतला जबडा झिजून गुळगुळीत झाला होता. कुलपाच्या सळईला धरणारी इवलीशी प्लास्टिकची क्लिप तुटून दाराच्या तळाशी पडलेली. म्हणजे बटण दाबून आपण आपलंच समाधान करत होतो. दार इतके दिवस केवळ आमच्या नशिबाने लागलेलं राहिलं होतं. मी तो जबडा भावाच्या हातात दिला. तो त्यावरून बोट फिरवत राहिला.

खांबावरची कडी काढायच्या आधी मी भुवयांच्या पेन्सिलने तिच्याभोवती रेघ मारून घेतली, म्हणजे नवी नेमकी तिथेच बसेल. ही बाबांची शिकवण, फक्त ते खडू वापरत. कडी बसली, खटका बसला, सळया जोडल्या. शेवटची नवी क्लिप लावायची तर ती सापडेना. पुडीत नाही, सीटवर नाही, फरशीच्या फटीत नाही. भाऊ गुडघ्यांवर बसून आवारभर शोधत होता आणि तोंडाने काहीबाही बोलत होता. ती क्लिप नसली तर कुलूप नाही, कुलूप नाही तर सगळी मेहनत फुकट.

मी आईकडे पाहिलं. पदराच्या टोकाला नवी गाठ, सकाळी नव्हती.

"आई, ते दे."

"ह्यांचं आहे ते."

"दे म्हणते ना."

तिने पदर मुठीत घट्ट धरला. मी ओढणारच होते. मग तिच्या दंडावरचे पिवळट हिरवे डाग दिसले आणि मी हात मागे घेतला. जुनी तुटकी क्लिप पुसली आणि तिच्यासमोर धरली. "ही ठेव. ह्यांनी ही ठेवायला सांगितलीय." तिने ती उलटसुलट करून पाहिली, स्वतःच्या हाताने गाठ सोडली, नवी मला दिली आणि जुनी बांधून ठेवली.

दार लावायच्या आधी उघड्या दारातच खटका स्क्रूड्रायव्हरने मिटवून पाहायचा असतो, आतून आणि बाहेरून उघडतोय का याची खात्री करायची असते. नाहीतर दार लागतं आणि पुन्हा उघडतच नाही. सगळं तपासलं. मग दार हळूच ढकललं. टक्. एवढाच आवाज. उचलावं लागलं नाही, दुसऱ्यांदा ओढावं लागलं नाही. बटण दाबलं, हँडल ओढलं, दार हललं नाही. भावाने खांद्याने धक्का मारून पाहिलं. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीवर काळ्या हाताने थाप मारली आणि त्याचा शर्ट गेला.

आता फक्त आईला बसवून निघायचं होतं.

ती चालत गाडीपर्यंत आली, दाराला हात लावला, बसली. पदर गोळा करून मांडीवर घेतला. दार उचलून ओढलं. टक्. पुन्हा ओढलं. काही आवाज नाही, दार जागच्या जागी. तिने माझ्याकडे पाहिलं. भाऊ मागे बसला होता. मी बटण दाबून किल्ली फिरवली, आणि आईने बटण वर करून दार उघडलं.

"आई, लाव ते."

तिने पुन्हा उचलून ओढलं. टक्. पुन्हा ओढलं. काही नाही. माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबून गिअर टाकला, तिने बटण वर ओढलं आणि दार उघडलं.

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मी बटणावर हात ठेवला तर तिने माझ्या बोटांवर चापट मारली. "लागलं नाही," ती म्हणत होती, "लागलं नाही." आवाज चढत होता. पहिल्या मजल्यावरची बाई कपडे वाळत घालायचं सोडून बघत उभी राहिली. मी म्हटलं, लागलंय, नवीन आहे, घट्ट आहे. ती ऐकेना. मला माझ्याच कामाचा राग आला. आदल्या दिवसापासून एवढा आटापिटा केला तो दार नीट लागावं म्हणून, आणि नीट लागतं हीच आता तक्रार.

मागून भाऊ हळू आवाजात म्हणाला, "ताई, डॉक्टरांनी दिलेली गोळी आहे माझ्याकडे. अर्धी देऊ. झोपेल ती."

"नाही."

"मग काय करणार? पुलावर पुन्हा उघडलं तर? तुला उद्या अॅडमिट व्हायचंय."

"झोपवून न्यायला ती काय सामान आहे?"

"मग तू सांग काय करायचं ते."

त्याने खिशातून पाकीट काढलं, गोळी मोडल्याचा आवाज आला. बाटलीचं झाकण उघडलं. मी त्याला थांबवलं नाही. हेही खरंच आहे की त्या क्षणी मला वाटलं, देऊन टाक, संपव एकदा.

आईने पुन्हा दार ओढलं. टक्. दुसऱ्यांदा ओढलं. आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी त्या बघण्याकडे नीट लक्ष दिलं. ती रागाने बघत नव्हती. दरवेळी दार लावून झालं की ती ड्रायव्हरच्या सीटकडे वळत होती, मान जराशी पुढे करून, आपली पाळी यायची वाट बघत असल्यासारखी. आणि दरवेळी मी काहीतरी समजावत होते, किंवा ओरडत होते, किंवा किल्लीला हात घालत होते.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"लागलं?" मी विचारलं.

आईने खांदे सैल सोडले. हँडलवरचा हात काढून पदरावर ठेवला.

"लागलं," ती म्हणाली.

मी किल्ली फिरवली. मागे भाऊ अर्धी गोळी तळहातावर घेऊन तसाच बसला होता.

गल्लीतून बाहेर पडलो, पुलाच्या दिशेने मोठागावकडे वळलो. एक दार नवं झालं म्हणून भीती जुनी होत नाही. प्रत्येक गतिरोधकाला माझी नजर तिच्या हाताकडे जात होती. भाऊ पुढे वाकून बसलेला, त्याचा हात आईच्या खांद्याच्या मागे तयार. पुलाची चढण लागली. खाली खाडीचं पाणी, भरतीचं, गढूळ. त्या दिवशी जिथे वारा आत आला होता ती जागा जवळ येत गेली आणि मी वेग कमी केला.

पुलाच्या जोडावर गाडी उसळली. आईचा हात उठला आणि हँडलकडे गेला. भावाने श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं. माझा डावा हात गिअरवरून सुटला होता, तिच्या दंडापर्यंत पोचायच्या आत मी तो थांबवला.

"लागलं?"

हात हवेतच राहिला. मग तिने हँडलला नुसतं बोट लावून पाहिलं, घरातून निघताना कडीला लावतात तसं, आणि मागे घेतलं.

"लागलं हो. पुढे बघा तुम्ही."

मी पुढे बघितलं. मागे भाऊ सीटला टेकला. थोड्या वेळाने आईने बाही वर केली आणि दंडावरून हात फिरवत राहिली.

"अहो, तुमची लेक फार तापट आहे," ती म्हणाली. "इथेच आम्ही येत होतो. दार अर्धंच लागलेलं, वाजत होतं. तिने विचारलंच नाही. मी आपली उघडून नीट लावत होते, तर किती जोरात धरलं मला. बघा."

मला बघता येईना. पंधरा दिवस मी जे उराशी धरून बसले होते ते असं होतं तर. ती माझ्यापासून पळत नव्हती. गाडीत ती आणि मी होतो, दार वाजत होतं, आणि ते नीट लावणं तिचं काम होतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त हलकं वाटलं, आणि रडू येत असताना गाडी चालवता येत नाही म्हणून मी ओठ चावला. आरशात भाऊ दिसला. तो खाडीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

"रागावू नका तिला," आई म्हणाली. "नुसतं सांगा, दार लावत होते मी."

"सांगेन," मी म्हटलं.

पूल उतरायला लागला. आईने बाही खाली केली, पदर मांडीवर सारखा केला. मला वाटलं विषय संपला.

"आणि तिच्या पोटात दुखतं," ती म्हणाली. "ओट्याला धरून उभी राहते. मी विचारायला गेले की म्हणते, काय आहे. मला नाही सांगायची ती. तुम्ही विचारा."